साडीतून युकाता: हाताने शिवा, घरीदारी नेसा

किमोनो घालतात की नेसतात? बाह्या आहेत म्हणजे घालतात म्हणायला हवं, पण बटण नाही, हुक नाही, चेन नाही, सगळा कारभार दोऱ्या आणि पट्ट्यांवर, लांबी पण रोज कमरेपाशी आपली आपणच कमीजास्त करायची, हे बघून मी तरी नेसते म्हणते आणि इथेही तेच लिहिणारे.

तोक्योत राहते, एदोगावा वॉर्डात, आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं आणि त्या तीन दिवसांत मी किमोनोतच असते. भाजी आणायला, पोस्टात, मुलीला सोडायला, सगळीकडे. लोकांना वाटतं केवढं अवघड, केवढं महाग. कारण किमोनो म्हटलं की डोळ्यासमोर लग्नातला रेशमी येतो. अहो पैठणी नेसून कोणी भांडी घासतं का? तसंच आहे ते. रोजच्यासाठी सुती असतात, फुकुशिमाकडचे आइझु मोमेन जाड पट्ट्यापट्ट्यांचे, क्यूशूचे निळे-पांढरे कुरुमे कासुरी, आणि उन्हाळ्यात युकाता, जो मुळात आंघोळीच्या वेळचा कपडा होता. सुरुवात युकातापासूनच करा. अस्तर नाही, आत वेगळा जुबान घालायची सक्ती नाही, आणि चुकलं तरी रेशीम वाया गेल्याचं दुःख नाही.

आणि शिवायचा हाताने. मशीन घरात असलं तरी हाताने. याचं कारण मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं, त्यांना मी सेन्सेई म्हणते, वय ऐंशीच्या पुढे, हात असे चालतात की बघत राहावं. मशीनची टीप उसवायला गेलं की कापडाला भोकं पडतात आणि किमोनो उसवायचा असतोच, आज ना उद्या. पूर्वी रेशमी किमोनो सगळा उसवून, पट्ट्या परत एकमेकींना जोडून एक लांबच लांब कापड करून धुवायचे, बांबूच्या काड्यांवर ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे, त्याला आराइहारी म्हणतात, अजूनही करून मिळतं. म्हणजे शिलाई कायमची नसतेच. आपल्या गोधडीचा धावदोरा आठवा, किमोनोत ९०% काम तेवढंच आहे. गोधडी घातलेली बाई किमोनो शिवू शकते हे मी लिहून देते.

आधी कापड समजून घ्या. किमोनोचं कापड तानमोनो म्हणून गुंडाळीत मिळतं, रुंदी साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास, एका गुंडाळीत एका मोठ्या माणसाचा किमोनो. आठ तुकडे पडतात आणि आठही सरळ, आयताकृती. दोन बाह्या, दोन अंगाच्या पट्ट्या, पुढच्या पदरासाठी दोन निमुळत्या दिसणाऱ्या पट्ट्या म्हणजे ओकुमी, एक लांब कॉलर म्हणजे एरी, आणि त्या कॉलरवर मळू नये म्हणून अजून एक छोटी कॉलर. ओकुमी निमुळती दिसते फक्त, कापायची सरळच, वरचा भाग आत दुमडला जातो. अंगाची पट्टी पुढून वर जाऊन खांद्यावरून मागे उतरते, खांद्यावर शिवणच नाही. हे लक्षात ठेवा, कारण याच्यावरच माझा पहिला घोळ झाला.

आता साडी. तानमोनो विकत घ्यायचा नसेल तर साधी सुती साडी घ्या, मी हिशोब करून बघितला तेव्हा मलाच हसू आलं इतका चपखल बसतो. साडी साडेपाच मीटर, पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर. उभ्या तीन पट्ट्या पाडल्या की प्रत्येकी ३८ सेंटिमीटर, म्हणजे तानमोनोचीच रुंदी! माझी उंची १५८. बायकांच्या किमोनोची लांबी आपल्या उंचीएवढी धरतात, त्यात खाली दुमडायला आणि गळ्यापाशी लागतात ते ५ धरले की १६३, पुढची-मागची मिळून दुप्पट ३२६. तर साडीचा पहिला ३ मीटर २६ सेंटिमीटरचा भाग घ्या, त्याच्या काठाकडच्या दोन पट्ट्या अंगाला, मधली पट्टी उभी अर्धी करून एका अर्ध्यात दोन ओकुमी आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही कॉलर. पुढचे १ मीटर ६ सेंटिमीटर बाह्यांना. तिथेही काठाच्याच दोन पट्ट्या घ्यायच्या म्हणजे काठ मनगटावर येतो, छान दिसतं. मधली उरते ती ठेवून द्या, ठिगळाला कामाला येते. आणि मागे पदराचा सव्वा मीटरच्या आतबाहेर तुकडा राहतो त्याच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडल्या की साडेतीन मीटरचा अरुंद ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, होतो, आत ओबीशिन नावाचं कडक कापड घालायचं, जोड कमरेच्या वेढ्यात लपतात.

साडी निवडताना दोन गोष्टी. पारदर्शक नको, उजेडात धरून बघा. आणि डिझाईनला वरखाली दिशा नको. मी पहिल्यांदा घेतली ती कोयऱ्यांची साडी, सगळ्या कोयऱ्यांची शेपटं एकाच दिशेला, आणि खांद्यावर शिवण नसल्यामुळे पुढच्या कोयऱ्या सरळ आणि पाठीवरच्या सगळ्या डोक्यावर उभ्या. मला हे कधी कळलं? पूर्ण शिवून आरशासमोर पाठ फिरवली तेव्हा. पट्टे, चौकडा, छोटी बुट्टी, प्लेन इरकल, असलं काहीतरी घ्या. आणि कापायच्या आधी कापड पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड आटतं ते आधीच आटू दे.

मापं फार नाहीत. नितंबाचं माप ९० ते ९५ असेल तर मागची प्रत्येक बाजू ३०, पुढची २४, ओकुमी १५ सेंटिमीटर. माप वाढलं की दर ४ सेंटिमीटरला मागच्या-पुढच्या चारही भागांना एकेक सेंटिमीटर वाढवा. बाहीची उभी लांबी ४९, हात बाहेर यायची फट २३. आणि युकी, म्हणजे मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंत, हात शरीरापासून तिरका ४५ अंशात धरून मोजायचा. माझा ६४ आहे. जपानी शिवणकामाची जुनी पुस्तकं, जुने शिवणारे अजून शाकु-सुन मध्ये बोलतात, कापडाचा शाकु ३७.९ सेंटिमीटर, सुन त्याचा दहावा भाग. सेन्सेई मला सेंटिमीटर सांगताना आधी मनात सुन मोजतात, ते चेहऱ्यावर दिसतं.

तर पट्टी आहे ३८ची आणि पुढची बाजू हवी २४ची, मग उरलेलं कापून टाकायचं? अजिबात नाही. शिंपी माया सोडतो ना, तशी किमोनोत सगळी माया आतच ठेवतात, बाजूच्या शिवणीत आत दुमडून अलगद टाक्यांनी बसवतात. म्हणून आईचा किमोनो मुलीला होतो, जाड-बारीक झालं तरी होतो. कात्री आत घालायची एकच जागा, गळा. खांद्याच्या घडीपासून २ सेंटिमीटर मागच्या बाजूला सरकून, मधल्या शिवणीच्या दोन्हीकडे साधारण पावणेनऊ सेंटिमीटर आडवा काप. हा काप मी तीन वेळा मोजून, एकदा उठून चहा पिऊन, परत मोजून मग केला. तुम्हीही तसंच करा, बाकी सगळं उसवता येतं, हे एक येत नाही.

सामान: बारीक आखूड सुई, जाडसर सुती दोरा, टाचण्या, खडू, इस्त्री, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालायची कातडी अंगठी, युबिनुकी. ही आपल्या अंगुस्तानासारखी टोकाला नाही बसत, पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये बसते, सुईचं मागचं टोक तिच्यावर टेकवायचं. आणि मग सुई पुढे नाही न्यायची, गंमत इथे आहे, सुई जवळजवळ जागेवरच राहते आणि दोन्ही हातांनी कापड वरखाली हलवत सुईवर चढवत जायचं. आठवडाभर जमत नाही. मग एकदम एका संध्याकाळी जमतं आणि वीतभर शिवण एका दमात सुईवर गोळा होते. टाका तीन-चार मिलिमीटरचा. कापड ताणून धरायला काकेहारी नावाचा चिमटा मिळतो, सेन्सेईंकडे आहे, मी सोफ्याच्या उशीला मोठी टाचणी लावून भागवते.

प्रत्येक वीत-दोन वीत शिवलं की शिवण अंगठा आणि बोटात धरून दोऱ्याच्या दिशेने हलकेच निसटवत न्यायची, इतोकोकी म्हणतात. हे केलं नाही तर धावदोरा आवळतो, कापडाला चुण्या पडतात, आणि पहिल्या धुण्यात त्या कायमच्या. आणि दुसरी किसे. शिवण उघडताना बरोब्बर टाक्यावर नाही दुमडायची, जेमतेम अर्धं सूत, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर पुढे दुमडून इस्त्री करायची, त्यामुळे उलगडल्यावर टाके दिसत नाहीत, शिवणीवर ताण आला तरी दोरा लगेच उघडा पडत नाही. माझ्या पहिल्या युकातात किसे कुठे दोन, कुठे पाच, कुठे नाहीच. सेन्सेई काही बोलल्या नाहीत, फक्त इस्त्री तापवली आणि माझ्यासमोर सरकवली.

क्रम असा: आधी बाह्या, मग पाठीची मधली शिवण, मग दोन्ही बाजू, मग ओकुमी, मग खालचा घेर, मग कॉलर, शेवटी बाह्या अंगाला जोडायच्या. पाठीची शिवण दोनदा घाला, बसताना उठताना सगळा जोर तिथे येतो. साडीचे काठ पाठीच्या शिवणीकडे ठेवलेत तर दोन्ही काठ एकत्र येऊन पाठीवर उभा पट्टा पडतो आणि तिथली कड विणलेलीच असल्यामुळे धागेही सुटत नाहीत. कापलेल्या कडा मात्र सगळ्या दुमडून घ्याव्या लागतात, तानमोनोत हे काम नसतं, कारण दोन्हीकडे विणलेली कड असते, साडीत ती मेहनत जास्त. बाहीच्या खालच्या कोपऱ्याला जो हलका गोल असतो तो कापायचा नाही, आतून धावदोऱ्याने चुण्या गोळा करून पुठ्ठ्याच्या गोल तुकड्यावर इस्त्रीने बसवायचा. बायकांच्या किमोनोत बाही अंगाला काखेपर्यंत पूर्ण जोडत नाहीत, २३ सेंटिमीटर जोडून खाली फट सोडायची आणि बाजूच्या शिवणीतही वर १४-१५ ची फट. ही फट विसरून शिवून टाकलीत तर नेसताना हात आत कुठून घालणार, ते पुढे येतंच.

कॉलर सगळ्यात वैताग. गळ्याच्या वळणावर कापड ताणू नका, कॉलर किंचित सैल धरून शिवा, आधी कच्चा टाका घालून अंगावर टाकून बघा. मला एकूण दोन महिने लागले, रोज रात्री मुलगी झोपल्यावर तासभर.

आता नेसणं. आत सुती पातळ काहीतरी, स्लिप चालते. कमरेला बाक असेल तर एक टॉवेल दुमडून बांधा, किमोनोला सरळ खांब आवडतो, आपल्याकडे कमरेची कौतुकं, इथे ती भरून काढायची. युकाता अंगावर घ्या, दोन्ही कॉलरची टोकं समोर एकत्र धरून पाठीची शिवण मधोमध आहे ना बघा. मग कॉलर धरून सगळा कपडा वर उचला, खालची कड घोट्याच्या हाडापाशी येईपर्यंत. आधी डावी बाजू उजवीकडे नेऊन बघायची, तिची कड उजव्या नितंबाच्या बाजूला बरोबर यायला हवी. तशीच उघडायची, आता उजवी बाजू आत गुंडाळायची, तिचं टोक दहा सेंटिमीटर वर उचलून, आणि तिच्यावर डावी, टोक पाचेक सेंटिमीटर वर. यामुळे खाली निमुळतं दिसतं आणि पायात येत नाही.

डावी वर, हे पाठ करा. उजवी वर फक्त मृत माणसाला नेसवताना. बघणाऱ्याच्या नजरेने कॉलर इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसायला हवी. सेल्फी कॅमेऱ्यात उलटं दिसतं, त्यामुळे फोटो बघून घाबरू नका.

मग कोशिहिमो, म्हणजे साधी सुती पट्टी, नितंबाच्या हाडाच्या किंचित वर. आख्ख्या नेसण्यातली ही एकच गाठ घट्ट हवी. परकराची नाडी जशी, ती नीट तर साडी नीट, तसंच. बाकी छातीखालची वगैरे हलकी. लोक उलटं करतात, वर आवळतात आणि मग जेवता येत नाही म्हणून किमोनोला नावं ठेवतात. आता त्या काखेच्या फटीतून दोन्ही हात आत घाला आणि कमरेवर जमलेलं जास्तीचं कापड पुढून-मागून खाली सपाट करा, ही जी घडी ओबीच्या खाली चार बोटं दिसते तिला ओहाशोरी म्हणतात. पाठीची शिवण खाली ओढली की कॉलर मानेपासून सुटते, मुठीएवढी जागा हवी. पुढे गळ्याच्या खळीपाशी कॉलर एकमेकींवर. दुसरी दोरी छातीखाली.

ओबी अरुंदच घ्या, हानहाबा, पंधरा-सतरा सेंटिमीटरचा. रोजसाठी फुलपाखरासारखी गाठ नको, ट्रेनमध्ये टेकून बसता येत नाही. काइ नो कुची नावाची चपटी गाठ शिका. एक टोक अर्ध्या रुंदीत दुमडून घ्या, दोन वेढे, प्रत्येक वेढ्याला ओबीची खालची कड धरून ओढायची, वरची धरली तर पोट आवळतं. मग दोन टोकांची एक साधी गाठ आणि दुमडून अडकवायचं. सगळं पुढे, आरशात बघून करायचं आणि मग उजवीकडून मागे फिरवायचं. डावीकडून फिरवलंत तर कॉलर उकलते, सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या आठवड्यात मला पाऊण तास लागायचा, आता दहा मिनिटं.

रस्त्यात कोणीतरी येऊन तुमची कॉलर सरळ करेल, याची तयारी ठेवा. इथे त्यांना चेष्टेत किमोनो पोलीस म्हणतात. मला एकदा स्टेशनवर एका बाईंनी काही न विचारता ओबी खाली ओढून दिला, मग काठाकडे बघून विचारलं हे कापड कुठलं. साडी म्हटल्यावर वीस मिनिटं ट्रेन सोडून गप्पा. म्हणजे सगळेच पोलीस वाईट नसतात.

रोजच्या कटकटी: जिना चढताना उजव्या हाताने पुढची कड जराशी उचला. टॉयलेटमध्ये एकेक थर वेगळा वर घेऊन ओबीत खोचा, सगळं एकदम गोळा करू नका. स्वयंपाकाला तासुकी, एक लांब दोरी, बाह्या वर घेऊन पाठीवर फुली मारून बांधायची, नाहीतर बाही फोडणीत. खरंच गेलीये माझी, हळदीचा डाग अजून आहे. गॅसजवळ तर तासुकी नसेल तर जाऊच नका. वरून काप्पोगी, बाह्यांचा एप्रन, तोही मस्त. सायकल मात्र मी टाळते.

सीझनचे नियम आहेत, जून आणि सप्टेंबर बिनअस्तराचे, जुलै-ऑगस्ट जाळीदार पातळ, ऑक्टोबर ते मे अस्तराचे. पण ते औपचारिक ठिकाणी. सुती रोजच्याला कोणी विचारत नाही, थंडीत आत उबदार टीशर्ट घालून मी तोच नेसते.

शिवायचं नसेल एवढ्यात, तर आधी सेकंडहँड घेऊन नेसायची सवय करा. क्योतोला तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमानगूला २५ तारखेला बाजार भरतो, जुन्या किमोनोंचे ढीग असतात, तोक्योत निप्पोरीला कापडाच्या दुकानांची आख्खी गल्ली आहे. ढिगातला घेताना उंचीपेक्षा युकी मोजा, लांबी पाचेक सेंटिमीटर कमी चालते, बाही आखूड असेल तर ती वाढवता येईल का, हे माया किती शिल्लक आहे त्यावर. बाही आणि अंगाची शिवण आतून चाचपून बघा, दोनेक सेंटिमीटर आत असेल तर सोडवता येईल. पुरुषांचं सोपं, त्यांच्यात ओहाशोरी नाही, लांबी घोट्यापर्यंतच शिवतात, ओबी दहा सेंटिमीटर रुंद, पोटाखाली बांधायचा आणि गाठ मागे. नवऱ्याचा मी आता कापायला घेतलाय.

धुताना बाह्या आणि अंग घडी करून जाळीच्या पिशवीत, गार पाणी, पिळायचं नाही. निळीच्या रंगाचा असेल तर पहिले चार-पाच वेळा एकटाच. वाळत बांबूवर बाह्या पसरून घाला, ओला असतानाच शिवणी हाताने थापटल्या की इस्त्री लागत नाही.

माझा कोयऱ्यांचा पहिला युकाता दोन वर्षं नेसून बसायच्या जागी विरलाय. मागच्या रविवारी सेन्सेईंच्या टेबलावर उसवायला घेतला. टोकाची गाठ कापली, दोरा ओढला, सरसर सुटत आला. चहा थंड व्हायच्या आत आठ तुकडे झाले.